'नीअर' शब्दाची झीज

शाळेंत आम्हीं इंग्रजी 'नीअर' म्हणजे 'जवळ' असें घोकलें. मुळांत त्याचा अर्थ 'अधिक जवळ' असा होता. 'नाय' म्हणजे जवळ, 'नीअर' त्याहून जवळ, आणि सर्वांत जवळचें तें 'नेक्स्ट'. नॉर्स भाषेच्या संसर्गानें हा तरभाव हळूहळू झिजला. तरी १६२३ सालीं प्रथम छापल्या गेलेल्या 'मॅकबेथ' नाटकांत डोनलबेनच्या तोंडीं 'नीअर' जुन्याच अर्थानें येतो. पुढें 'नीअरर' हें दुहेरी रूपच रूढ झालें. आमच्या व्याकरणपंडितांनीं त्यास हंसूं नये. 'श्रेष्ठ' हा शब्द स्वतःच तमभावी असतां 'श्रेष्ठतम' यजुर्वेदांतही आहेच! बिचारा 'नाय' आतां बहुधा जुन्या काव्यांत भेटतो. शेजाऱ्याच्या 'नेबर' या नांवांत मात्र, 'जवळ राहणारा' या अर्थानें, तो अजून बिऱ्हाड करून आहे.