मुरमाच्या वाटांवरील सायकलिंग : ठाणे, कल्याण-डोंबिवली

मोटारींची वर्दळ आणि डांबर दोन्ही नसलेल्या ग्रामीण किंवा जंगलातल्या वाटांनी, बहुधा चढउताराच्या मुलखात, लांबचे अंतर कापण्याचा सायकलीचा प्रकार. जगभर तो ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ या नावाने ओळखला जातो. ठाणे जिल्ह्यात त्यासाठी जमीन मिळते ती मुख्यतः तीन तऱ्हेच्या कामाच्या रस्त्यांवर : जलवाहिन्यांच्या देखभालीचे रस्ते, वनखात्याच्या वाटा आणि शेतांकडे जाणारे पाणंद रस्ते. यांतला कोणताही रस्ता सायकलीसाठी बांधलेला नाही. महानगराला पाणी पोचवणे, जंगल राखणे आणि भात घरी आणणे या कामांनी तो उघडा ठेवला आहे.

भूमध्य सागराकाठचा वारसा

या प्रकाराला आजचे रूप देण्यात भूमध्य सागराकाठच्या डोंगराळ मुलखाचा मोठा वाटा आहे. इटलीच्या टस्कनी प्रांतात, किआन्ती भागातल्या गायोले गावी १९९७ मध्ये ‘लेरोईका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. द्राक्षमळ्यांतून जाणारे पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली गाडले जाऊ नयेत, हा तिचा एक उघड हेतू होता. त्याच मुलखात २००७ पासून ‘स्त्रादे बियांके’ ही व्यावसायिक शर्यत भरते आणि सिएना शहराच्या मुख्य चौकात संपते.

स्पेनने वेगळी वाट धरली. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे पादचारी आणि सायकलस्वारांसाठी ‘व्हियास व्हेर्देस’ म्हणजे हिरवे मार्ग तयार करण्याचा कार्यक्रम १९९३ मध्ये हाती घेतला गेला. आज त्यांची एकूण लांबी ३,००० किलोमीटरांहून अधिक आहे. अंदालुसियात ऑलिव्हच्या बागांमधून जाणारा असा एक मार्ग १२८ किलोमीटरांचा आहे. कातालोनियात जिरोना ते ओलोत ही १९६९ मध्ये बंद झालेली अरुंद रुळांची रेल्वे आता सायकलवाट झाली आहे. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही. त्यामुळे डोंगराळ भागातही या वाटा नवख्यांना आणि मुलांना झेपतात. २०२२ मध्ये ग्रॅव्हल सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीच्याच व्हेनेतो प्रांतात झाली.

ठाण्याकडे असे सोडून दिलेले रूळ नाहीत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि तो लोहमार्ग आजही देशातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी एक आहे. त्यामुळे इथल्या निवांत वाटा शोधायच्या त्या चालू कामांच्या कडेनेच.

भूमी आणि ऋतू

सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याचा हा प्रदेश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. काळा बेसॉल्ट झिजून तयार होणारा मुरूम हे इथल्या कच्च्या रस्त्यांचे मूळ द्रव्य. चांगला दाबलेला मुरूम सायकलीला घट्ट, किंचित लवचिक पृष्ठभाग देतो. खडीकरण झालेल्या पण डांबर न पडलेल्या रस्त्यावर मात्र फोडलेल्या बेसॉल्टच्या धारदार कडा टायरच्या बाजू चिरतात.

ऋतुमान भूमध्य सागराच्या नेमके उलट. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीकडे. ठाण्यात वर्षाचा सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. त्या चार महिन्यांत ओढे वाटा तोडतात, खडकावर शेवाळ धरते, आणि चिखल चाक व फ्रेमच्या मधल्या फटीत बसून सायकल जागीच रोखतो. खरा हंगाम भातकापणीनंतरचा. ऑक्टोबरअखेरीपासून खाचरे कोरडी होतात, बैलगाडीच्या चाकोऱ्या मोकळ्या होतात आणि फेब्रुवारीपर्यंत सकाळची हवा थंड राहते. मार्चनंतर ऊन आणि वणवे यांमुळे फेरी पहाटेच आटोपावी लागते. त्या कष्टाचे मोल मे महिन्यात काठावरची करवंदे आणि जांभळे देतात.

वाटा

*जलवाहिन्या.* शहापूर तालुक्यातला तानसा तलाव १८९२ मध्ये मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी पूर्ण झाला. त्याचे पाणी गुरुत्वाच्या बळावर, भिवंडी तालुका आणि ठाण्याची खाडी ओलांडून महानगरात येते. नळांच्या कडेने देखभालीसाठी ठेवलेली वाट लोकांच्या तोंडी ‘पाइपलाइन रोड’ या नावानेच आहे. नळ शक्य तितके सरळ नेलेले असल्याने ही वाटही गावे आणि चौक टाळत सरळ जाते. मात्र ती मुंबई महापालिकेच्या ताब्यात आहे, अनेक ठिकाणी फाटके आणि पहारा आहे, आणि परवानगीविना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. काटई-बदलापूर रस्त्यालाही पाइपलाइन रोडच म्हणतात. तो डांबरी-काँक्रीटचा आणि अवजड वाहनांचा असल्याने या नोंदीत बसत नाही.

*येऊर.* ठाण्यातले सायकलस्वार सरावाला सर्वाधिक जातात ते येऊरच्या चढावर. उपवन तलावाजवळून वर जाणारा वळणावळणांचा रस्ता डांबरी आहे. पाटोणापाडा, जांभूळपाडा, भेंडीपाडा या वारली वस्त्यांकडे वळल्यावर मातीच्या वाटा लागतात. हा सगळा डोंगर सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

*बारवी आणि मलंगगड.* डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांना आणि वस्तीला पाणी देणारे औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण बदलापूरच्या पूर्वेला आहे. धरणाकडून मुरबाडला जाणारा रस्ता सागाच्या जंगलातून उंचसखल जातो आणि त्याला पाड्यांकडे जाणारे मुरमाचे फाटे फुटतात. कल्याण आणि अंबरनाथच्या दक्षिणेला मलंगगडाच्या पायथ्याशीही अशा गाडीवाटा आहेत. आकाशरेषेवर गडाचे सुळके सतत दिसत असल्याने तिथे दिशा चुकणे कठीण.

*नाणेघाटाचा पायथा.* पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरप्रवासवर्णनात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे. भूमध्य सागराकडून निघालेला माल या किनाऱ्यावर उतरे आणि मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. वैशाखरे परिसरापर्यंत सायकल नेता येते. पुढचा दगडी पायऱ्यांचा चढ पायीच चढावा लागतो. मालवाहू तांड्यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मार्गावर हा पायथा आहे, ही गोष्ट या फेरीला जिल्ह्यातल्या इतर कोणत्याही फेरीपेक्षा मोठे परिमाण देते.

सायकल आणि साहित्य

ग्रॅव्हल सायकल शर्यतीच्या सायकलीसारखी दिसते, पण तिचे टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात, ब्रेक डिस्कचे असतात आणि चढासाठी हलके गिअर दिलेले असतात. मुरूम आणि खडीवर टायरमधली हवा डांबरी रस्त्यापेक्षा कमी ठेवतात. त्यामुळे पकड वाढते आणि हादरे कमी बसतात. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ट्यूबविरहित टायर आणि त्यात भेगा बुजवणारा द्रव फार उपयोगी ठरतो. महागडी सायकल ही मात्र अट नव्हे. जाड टायरची साधी सायकल, सुटी ट्यूब, पंप, चेन जोडण्याचे हत्यार आणि किमान दोन लिटर पाणी एवढ्यावर बारवी किंवा टिटवाळ्याकडची फेरी होते. पाड्यांमध्ये सायकल दुरुस्तीचे दुकान मिळेलच असे नाही, म्हणून पंक्चर काढता येणे आवश्यक.

कायदा, वन्यजीव आणि वस्ती

राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतला प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नियंत्रित आहे. संजय गांधी उद्यानाभोवती डिसेंबर २०१६ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. तानसा तलावाभोवतीही अभयारण्य आहे. तेथील आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल नेणे बेकायदा ठरते. येऊरच्या जंगलात बिबट्यांचा वावर आहे आणि तो संध्याकाळनंतर वाढतो. म्हणून उजेडात जाणे आणि उजेडातच परतणे हा नियम पाळला जातो.

या वाटा मोटारींपासून मोकळ्या असल्या तरी माणसांपासून नाहीत. डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका, गुरे, शाळेत निघालेली मुले यांचा त्यांवर पहिला हक्क आहे. वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या वस्त्यांतून जाताना वेग कमी करणे, गुरे आली की उतरून थांबणे, उभ्या पिकाचा बांध न तुडवणे आणि विचारल्याशिवाय छायाचित्र न काढणे, ही या छंदाची किमान शिस्त होय.

सद्यस्थिती

मुंबई महापालिकेने मुलुंडपासून तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरांच्या सायकल मार्गाची योजना आखली होती. नळांलगतची पट्टी सायकलीसाठी वापरता येते, ही कल्पना त्यामुळे सरकारी पातळीवर मांडली गेली. ग्रामीण भागात राज्य शासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू केली. पावसाळ्यातही शेतापर्यंत जाता यावे म्हणून पाणंदींचे मजबुतीकरण हा तिचा उद्देश आहे. दुसऱ्या बाजूने शहर पुढे सरकत आहे : समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि भिवंडी-कल्याण पट्ट्यात गोदामे, गृहसंकुले आणि खाणींचे डंपर वाढत आहेत. काल निवांत असलेली गाडीवाट त्यामुळे पाहता पाहता वाहतुकीचा रस्ता होते.

या परिसराची सर्वांत मोठी सोय म्हणजे लोकल. कल्याणहून एक फाटा टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव करत कसाऱ्याला जातो, तर दुसरा अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ करत कर्जतला. या स्थानकांभोवतीच्या पाणंदींचे नकाशे ग्रामपंचायतींच्या संमतीने तयार करून त्या एकमेकींना जोडल्या, तर नवा रस्ता न बांधता जिल्ह्याला सायकलवाटांचे जाळे मिळू शकते; शेतकऱ्याला हवा असलेला बारमाही मुरमाचा रस्ता आणि सायकलस्वाराला हवी असलेली वाट या दोन्ही गोष्टी तिथे एकच आहेत.