तबकडीवरचे नाव, तबकडीतला आवाज

मराठी मुसलमानांच्या वारशाचा विषय निघाला की शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंतची नावे घेतली जातात. ही नावे आपल्याला पुस्तकांतून कळली. पण या वारशाचा एक भाग कागदावर नाही, तबकड्यांवर आहे. आणि तो आपल्याच घरांतून भंगारात चालला आहे.

काही वर्षांपूर्वी बोईसरच्या एका भंगाराच्या दुकानात प्लास्टिकच्या ढिगात सात-आठ एल. पी. रेकॉर्डी दिसल्या. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि महाराष्ट्रभरातून नोकरीसाठी आलेली कुटुंबे इथे वसली. त्यांपैकी कुणाच्या घरातून त्या रेकॉर्डी आल्या, हे दुकानदाराला सांगता आले नाही. आम्ही त्या वजनावर घेतल्या. मग जुना रेकॉर्ड प्लेअर आला, मुंबईच्या चोरबाजारात फेऱ्या सुरू झाल्या. आज संग्रह दीडशेच्या वर गेला आहे. सुट्टीच्या दिवशी एक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकायची आणि लेबलवरचा मजकूर वहीत उतरवायचा, हा आमचा नेम.

कोलकात्यात १९०२ साली गौहर जान यांचा आवाज मुद्रित झाला. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतील हानोव्हरला. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावे, म्हणून ही सोय. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची एल. पी. आली आणि एका बाजूवर वीसहून अधिक मिनिटांचे गाणे बसू लागले. लाखेच्या तबकड्यांवरची जुनी गाणीही नंतर एल. पी.वर निघाली. म्हणूनच मरहूम उस्ताद अब्दुल करीम खाँ आमच्या घरात गाऊ शकले.

खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातील कैरानाचे, स्थायिक झाले मिरजेत. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकातील पद त्यांनी ध्वनिमुद्रित केले. मराठी त्यांची जन्मभाषा नव्हती. तरी ते पद ऐकताना मराठी शब्द त्यांना परका होता असे कुठेही वाटत नाही. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते दफन आहेत, आणि तिथल्या उरुसात आजही गायक हजेरी लावतात.

आमच्या कपाटात त्यांच्या शेजारी हिराबाई बडोदेकरांची रेकॉर्ड आहे. हिराबाई त्यांची कन्या. दोन्ही लेबले समोरासमोर ठेवली तरी हे नाते कळत नाही. आई ताराबाई माने खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीना पुढे सरस्वती राणे म्हणून गाजल्या. हिराबाईंना तालीम मिळाली ती उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची. यात दोष कुणाला द्यायचा नाही. पण केवळ नावे पाहून ‘यांचे’ आणि ‘आपले’ अशा दोन फळ्या लावणारा बापलेकीचीच ताटातूट करील.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या मुलांना मराठी ही एका तासापुरती भाषा वाटते. एकदा वर्गात महंमद रफींची मराठी गाणी ऐकवली. १९७०च्या दशकातील ही गाणी श्रीकांत ठाकरे यांनी स्वरबद्ध केलेली. प्रबोधनकारांचे ते चिरंजीव आणि शिवसेनाप्रमुखांचे बंधू. एका मुलाने विचारले, “सर, रफीसाब को मराठी आती थी?” आम्ही म्हटले, “ऐक आणि तूच सांग.” तास संपल्यावर तो पोरगा गाणे गुणगुणत बाहेर पडला. भाषेच्या आपलेपणावर आमची दहा भाषणे झाली असती तरी एवढे साधले नसते.

तबकड्यांनी सगळे जपले असे मात्र नाही. कंपन्यांनी खपेल तेच छापले. आमच्या दीडशे रेकॉर्डींत पालघरच्या वारल्यांचा तारपा नाही, की कोकणी मुसलमान बायकांची लग्नातली गाणी नाहीत. जे छापले गेले तेही हातचे जाते आहे. घरातले बुजुर्ग गेले, कुणी हज करून आले, की ‘गाणेबजावणे नको’ म्हणून रेकॉर्डी बाहेर निघतात. ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आम्हाला आदर आहे. ऐकू नका, पण भंगारात घालण्यापूर्वी एखाद्या संग्राहकाला, ग्रंथालयाला विचारा.

आणि दादीला, नानीला लग्नातली गाणी येत असतील, तर आज खिशातल्या मोबाईलवर ती उतरवून घ्या. शेवटी तिला स्वतःचे नाव आणि गाव सांगायला लावा. गौहर जान यांनी तेच केले होते. म्हणून तर एवढ्या वर्षांनंतरही तो आवाज बेवारस झालेला नाही.