चतुर्थीला फुलणाऱ्या वेली : पेरणीचा दिवस कसा साधावा

सुरत शहरातील लिंबायत हा कापडबाजार आणि यंत्रमागांच्या आधाराने वाढलेला दाट वस्तीचा भाग. धुळे, जळगाव, नंदुरबार येथून रोजगारासाठी आलेली मराठी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने राहतात. अंगण नसलेल्या अशा वस्तीत फुलवेलीला जागा मिळते ती गॅलरीतील किंवा गच्चीवरील कुंडीत. गोकर्ण आणि गणेशवेल या दोन नाजूक वेली तेवढ्या जागेतही बियांपासून वाढतात. मात्र गणेशचतुर्थीला फुले हवी असतील, तर पेरणीचा दिवस नेमका साधावा लागतो.

दिवसांचा हिशेब

सुरतेत मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यास पोहोचतो. चतुर्थीची तारीख मात्र दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला येते. १५ जूनला पेरलेल्या बियांना पहिल्या वर्षी ७३ दिवस मिळतात, दुसऱ्या वर्षी ९१. पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत गोकर्णीला साधारण सहा ते आठ, तर गणेशवेलीला आठ ते दहा आठवडे लागतात. म्हणून चतुर्थी लवकर असेल त्या वर्षी पावसाची वाट न पाहता मेअखेरीस, अर्धवट सावलीत पेरणी करावी.

बी आणि रोप

दोन्ही वेलींच्या बियांचे कवच कठीण असते. तसेच पेरल्यास काही बिया आठवड्यात, तर काही महिन्याने रुजतात आणि हंगाम तेथेच हातचा जातो. त्यासाठी बी पॉलिश पेपरवर एका बाजूने हलके घासावे, रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे आणि फुगलेले बी अर्धा ते एक इंच खोल पेरावे. मुळे दुखावलेली या वेलींना सोसत नाहीत. शक्यतो कायमच्या कुंडीतच पेरावे.

आधार आणि खत

रोप वीतभर होताच सुतळीचा आधार द्यावा व शेंडा खुडावा, फांद्या वाढतात. गोकर्ण शेंगवर्गीय असून तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र मिळवून देतात. तिला युरिया दिल्यास पाने माजतात, फुले लांबतात. गणेशवेलीलाही मूठभर कुजलेले शेणखत पुरते. दोघींना दिवसाकाठी किमान पाच-सहा तास ऊन हवे.

पावसातील काळजी

लिंबायतच्या सखल भागात मिठी खाडीच्या पुराचे पाणी शिरते. तेथे कुंड्या जमिनीवर ठेवू नयेत. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यातच येतो आणि सुरतेच्या दुपटीहून अधिक पडतो. त्यामुळे आपल्याकडे धोका मुळे कुजण्याचा. कुंडीच्या तळाशी भोके मोकळी असावीत, मातीत वाळू मिसळावी आणि रोपे पागोळ्यांखाली ठेवू नयेत.

पुढील वर्षाचे बी

गणेशवेलीचे तांबडे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. पूजेसाठी ते सकाळीच खुडावे. शेंगा व बोंडे तपकिरी होताच, फुटण्यापूर्वी काढून सावलीत वाळवावीत. गणेशवेलीच्या कुळातील अनेक वेलींच्या बिया विषारी असतात. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही वेल आपोआप पसरते. म्हणून उरलेली बोंडे रानात टाकू नयेत.