हडसन नदीतील स्ट्राइप्ड बास मासेमारीचे आमिष

अमेरिकेच्या न्यू यॉर्क राज्यातील हडसन नदीत स्ट्राइप्ड बास (शास्त्रीय नाव : मोरोन सॅक्सॅटिलिस) हा मासा गळाने पकडताना प्रामुख्याने नदी-हेरिंग जातीचे जिवंत मासे, हेरिंगसारख्या तेलकट माशांचे तुकडे आणि समुद्रकृमी आमिष म्हणून वापरले जातात. ही मासेमारी मुख्यतः एप्रिल ते जून या काळात चालते. 'आमिष' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस असा आहे. 'निरामिष' या शब्दात तो आजही टिकून आहे. हडसनवरील आमिष या मूळ अर्थाला धरूनच असते, कारण स्ट्राइप्ड बास हा पूर्णतः मांसाहारी मासा आहे.

नदी आणि हंगाम

हडसनचा खालचा भाग म्हणजे एक दीर्घ खाडीच होय. न्यू यॉर्क शहराच्या दक्षिण टोकापासून ट्रॉय येथील धरणापर्यंत, सुमारे २४५ किलोमीटर अंतरात, नदीला भरती-ओहोटी येते. मोहिकन लोकांनी तिला दोन्ही दिशांनी वाहणारी नदी या अर्थाचे नाव दिले होते. समुद्राचे खारे पाणी मात्र इतक्या आतवर पोहोचत नाही. वसंतात बर्फ वितळून आलेल्या पाण्याच्या रेट्याने खारटपणा मुखाकडे ढकलला जातो आणि वरच्या भागात पाणी गोडे असूनही भरतीने चढते व ओहोटीने उतरते.

स्ट्राइप्ड बास समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात येतो. त्याच्या रुपेरी अंगावर सात ते आठ काळसर आडव्या रेषा असतात. नावातील 'स्ट्राइप्ड' हे विशेषण त्यांवरून आले आहे. पाण्याचे तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस झाले की तो अंडी घालतो. त्यापूर्वीच्या काही आठवड्यांत तो भरपूर खातो, ऐन वीण चालू असताना मात्र खाण्याकडे त्याचे फारसे लक्ष नसते. न्यूबर्ग, किंग्स्टन, सॉगर्टीज आणि कॅट्सकिल या गावांजवळचे पाणी या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहे.

नदी-हेरिंग

'नदी-हेरिंग' हे दोन जातींचे सामाईक नाव आहे : एलवाइफ (अलोसा स्यूडोहॅरेंगस) आणि ब्लूबॅक हेरिंग (अलोसा एस्टिवालिस). महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळणारी तारली आणि भरतीच्या नद्यांत चढणारा पाला हे याच गणातील मासे आहेत. पाल्याप्रमाणेच नदी-हेरिंगही समुद्रातून नदीत येऊन अंडी घालते. ज्या माशाला पकडायचे तो आणि ज्याच्या साह्याने पकडायचे तोही, असे दोघेही एकाच ऋतूत एकाच कामासाठी नदीत आलेले असतात. या मासेमारीतील बहुतेक पेच येथूनच सुरू होतात.

एलवाइफ आधी येतो आणि रॉनडाउट किंवा कॅट्सकिल यांसारख्या उपनद्यांतील संथ पाण्यात शिरतो. ब्लूबॅक काही आठवड्यांनी, पाणी अधिक उबदार झाल्यावर येतो. दोन्ही जाती दिसायला जवळजवळ सारख्या असतात. एलवाइफचा डोळा तुलनेने मोठा असतो. खात्रीची खूण मात्र पोट चिरल्यावरच दिसते : उदरपोकळीचे अस्तर एलवाइफमध्ये फिकट, तर ब्लूबॅकमध्ये काळपट असते. आमिष म्हणून बासला दोन्ही सारखेच चालतात. त्या आठवड्यात नदीत जी हेरिंग चढत असेल तीच बासच्या तोंडी असते, म्हणून अनुभवी मासेमार आमिष दुकानातून आणण्याऐवजी पहाटे उपनदीच्या मुखाशी जाऊन लहान गळांच्या माळेने स्वतःच पकडतात.

हेरिंग जिवंत ठेवणे हे पकडण्यापेक्षा अवघड काम आहे. हा मासा सतत पोहणारा असून त्याला प्राणवायू भरपूर लागतो. चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात अडकून नाक घासतो आणि लवकर मरतो. म्हणून गोल टाकी, थंड पाणी, हवेचा पंप आणि थोडेच मासे असा पाठ पाळला जातो. हाताळताना त्याचे खवले फार सहज गळतात. नळाचे क्लोरिनयुक्त पाणी घातक ठरते, त्यामुळे टाकीत नदीचेच पाणी भरतात. खवले गळालेली, आडवी पडू लागलेली हेरिंग जिवंत आमिष म्हणून निरुपयोगी असते. ती फेकून न देता कापून वापरतात.

जिवंत हेरिंग नाकपुड्यांतून किंवा पाठीवरील पराच्या किंचित पुढे गळाला लावली जाते. नाकातून ओवलेला मासा प्रवाहाविरुद्ध किंवा संथ चालत्या होडीमागे नीट पोहतो. पाठीत ओवलेला मासा एका जागी धडपडतो. बास पार्श्वरेषेने पाण्यातील कंप टिपतो, त्यामुळे ही धडपड गढूळ पाण्यातही त्याला कळते. तो भक्ष्य बहुधा डोक्याकडून गिळतो.

कापलेले आमिष आणि समुद्रकृमी

काठावरून मासेमारी करणारे बहुधा कापलेले आमिष वापरतात. हेरिंग, मॅकरेल (बांगड्याचा भाऊबंद) किंवा मेनहेडन या तेलकट माशांचे तीन-चार तुकडे करून ते तळाशी सोडले जातात. येथे काम वासाचे असते. रक्त व तेल पाण्यात उतरून गेले की तुकडा निर्गंध होतो. म्हणून मासा लागो वा न लागो, साधारण अर्ध्या तासाने तो बदलणे योग्य. शिसे दोरीवर मोकळे सरकेल असे बांधतात, म्हणजे बासला तुकडा उचलताना वजनाचा ओढा जाणवत नाही.

हंगामाच्या आरंभी, पाणी थंड आणि हेरिंग विरळ असताना, ब्लडवर्म हा समुद्रकृमी उपयोगी पडतो. तो मेन राज्यातील चिखलवटांतून खणून काढला जातो आणि डझनावर विकला जातो. त्याच्या चार जबड्यांत तांब्याचा अंश असतो व त्याचा चावा झोंबतो. हे आमिष महाग आहे आणि त्यावर बासचाच लहान नातलग व्हाइट पर्च तसेच कॅटफिश तुटून पडतात, त्यामुळे बासच्या वाट्याला ते येईलच असे नाही.

भरती-ओहोटीनुसार वापर

चढते-उतरते पाणी आमिषाची निवड ठरवते. वेगवान ओहोटीत कापलेला तुकडा जड शिशाने तळाशी धरून ठेवावा लागतो. पाणी मंदावू लागले की जिवंत हेरिंग मोकळी सोडता येते. पाणी पूर्ण थांबल्यावर वासही पसरत नाही आणि बासही बहुधा स्वस्थ असतो. भरतीची लाट शहरापासून ट्रॉयपर्यंत पोहोचण्यास नऊ-दहा तास लागतात. तेव्हा एका गावचे वेळापत्रक दुसऱ्या गावी चालत नाही. पावसाळी वसंतात वरच्या भागात ओहोटी अधिक वेळ चालते आणि भरतीची वेळ आखडते.

गळ आणि सोडलेले मासे

आमिषाची मासेमारी कृत्रिम आमिषापेक्षा बासला अधिक घातक ठरू शकते, कारण खरे अन्न तो आत गिळतो आणि साधा गळ घशात किंवा जठरात रुततो. गोल गळाचे टोक आत, दांड्याकडे वळलेले असते. तो घशातून अडथळ्याविना सरकत येऊन तोंडाच्या कोपऱ्यात वळतो व तेथेच अडकतो. १ जानेवारी २०२१ पासून अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांत स्ट्राइप्ड बाससाठी नैसर्गिक आमिषासोबत असा गळ वापरणे बंधनकारक झाले. टोक बाजूला वाकवलेला गळ गोल असला तरी हा गुण त्यात कमी असतो. गोल गळ वापरताना झटका द्यायचा नसतो. दोरी ताणली गेली की सावकाश गुंडाळत राहायचे असते. वर्षानुवर्षे झटका देण्याची सवय असलेल्यांना हे जमायला वेळ लागतो. हडसनमध्ये २८ इंचांपेक्षा (सुमारे ७१ सेंटिमीटर) मोठा बास सोडून द्यावा लागतो. अशा मोठ्या माशांत बहुसंख्य अंडी असलेल्या माद्याच असतात, त्यामुळे गळ कुठे रुतला याला विशेष महत्त्व आहे.

हेरिंगवरील निर्बंध

नदी-हेरिंगची संख्या संपूर्ण पूर्व किनाऱ्यावर घटली आहे. धरणांनी अडलेल्या उपनद्या, अतिमासेमारी आणि समुद्रात इतर माशांच्या जाळ्यात सापडणे ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. कनेक्टिकट, र्‍होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांनी २००० नंतरच्या दशकातच ती पकडण्यावर बंदी घातली. न्यू यॉर्कने हडसनमध्ये मासेमारी चालू ठेवली. पण २०१३ मध्ये प्रत्येक मासेमाराला दिवसाला १० हेरिंगची मर्यादा घातली आणि उपनद्यांत जाळी टाकण्यास मनाई केली. हडसनमधील हेरिंग आमिष म्हणून इतर जलाशयांत नेता येत नाही.

बास खाण्यावरही मर्यादा आहेत. हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड येथील कारखान्यांतून १९७७ पर्यंत नदीत सोडलेली पीसीबी ही रसायने माशांच्या चरबीत साठतात. १९७६ मध्ये हडसनमधील बासची व्यापारी मासेमारी याच कारणाने बंद झाली. लहान मुलांनी आणि अपत्यप्राप्तीच्या वयातील स्त्रियांनी या नदीतील मासे खाऊ नयेत, असा राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे.