ढगातून पडणारा पावसाचा थेंब आपलं डोकं का फोडत नाही?

उंचावरून पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढतो, असं आपण शाळेत शिकलो. या हिशोबाने दोन किलोमीटर उंचीवरून निघालेला पावसाचा थेंब ताशी ७०० किलोमीटर वेगाने डोक्यावर आदळायला हवा. प्रत्यक्षात मोठ्या थेंबाचा वेगही ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो. मग शाळेतलं गणित चुकलं का?

त्वरण म्हणजे काय?

वेग किती झपाट्याने बदलतोय, ते त्वरण. सरळ रस्त्यावर ताशी ८० च्या एकसारख्या वेगाने जाणाऱ्या कारचं त्वरण शून्य असतं. ॲक्सिलरेटर किंवा ब्रेक दाबला की ते बदलतं. म्हणजे चालत्या वस्तूचं त्वरण कायम सारखंच राहील, असा काही नियम नाही. त्या क्षणी वस्तूवर एकूण किती बल लागतंय, यावर ते ठरतं.

मग ९.८ हा आकडा कुठे लागू होतो?

हवेचा अडथळा नसेल तिथे. तोही सगळीकडे अगदी सारखा नाही: विषुववृत्तावर साधारण ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३. चंद्रावर तो जेमतेम १.६ आहे. १९७१ मध्ये 'अपोलो १५' मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं. तिथे हवाच नाही, त्यामुळे दोन्ही एकदमच खाली पोहोचले.

हवेत काय बदलतं?

वस्तूचा वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो, त्यामुळे त्वरण कमी होत जातं. हा विरोध वस्तूच्या वजनाइतका झाला की त्वरण शून्य होतं आणि वेग वाढायचा थांबतो. याला 'टर्मिनल व्हेलॉसिटी' म्हणतात. थेंब हलका असल्याने हा टप्पा लवकर गाठतो.

२०१२ मध्ये फेलिक्स बॉमगार्टनर यांनी सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली. विरळ हवेत त्यांचा वेग ताशी १,३५७ किलोमीटरपर्यंत गेला. खाली हवा दाट होत गेली, तसा पॅराशूट उघडण्याआधीच तो कमी होऊ लागला.

म्हणजे हवा नेहमीच वाचवते?

नाही. लोखंडी नटबोल्ट आकाराने लहान, पण जड असतो. दहा मजली इमारतीवरून, म्हणजे साधारण ३० मीटरवरून तो पडला, तर हवा नसताना त्याचा वेग ताशी ८७ किलोमीटर झाला असता. हवेमुळे त्यात थोडीच घट होते. म्हणूनच बांधकामाखालून जाताना हेल्मेट लागतं, पावसात मात्र छत्री पुरते.

थोडक्यात: शाळेतलं गणित बरोबरच आहे, फक्त त्यात हवा धरलेली नाही.