अडीच-अडीच वर्षांचा शब्द : एक मुंबईतला, एक डब्लिनमधला

मंडळी, 'अडीच-अडीच वर्षं' म्हटलं की आपल्याला २०१९ आठवतं. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. भाजप १०५, शिवसेना ५६. दोघांचे मिळून १६१, म्हणजे २८८ च्या सभागृहात आरामात बहुमत. तरीही सरकार झालं नाही. सेना म्हणाली, बंद खोलीत मुख्यमंत्रिपद निम्मं-निम्मं ठरलं होतं. भाजप म्हणाला, असं काही ठरलंच नव्हतं. राष्ट्रपती राजवट, पहाटेचा शपथविधी, मग २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्क. आपल्या पट्ट्यातून वसई, नालासोपारा, बोईसर असे बविआचे तीन आमदार गेले होते. त्या महिन्यात एकेका आमदाराला काय भाव आला होता, ते आपण पाहिलंय.

हा गोंधळ मिटून महिना होतो न होतो तोच आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावी आले. वडील डॉ. अशोक वराडकर इथलेच. ते १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले, आयरिश नर्सशी लग्न केलं आणि पुढे डब्लिनमध्ये स्थायिक झाले. लिओ स्वतःही डॉक्टर. जून २०१७ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी ते पंतप्रधान झाले. गावानं कौतुकानं स्वागत केलं, फोटो सगळ्या पेपरांत आले. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली, आणि ती फारशी कुणी सांगितली नाही.

८ फेब्रुवारी २०२० ला तिथे निवडणूक झाली. एकूण जागा १६०. फियाना फॉल ३८, शिन फेन ३७, वराडकरांचा फिने गेल ३५, ग्रीन पार्टी १२. कुणालाच बहुमत नाही. फियाना फॉल आणि फिने गेल म्हणजे १९२२-२३ च्या यादवी युद्धात समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन बाजूंचे वारस. जवळजवळ शंभर वर्षांत ते एका मंत्रिमंडळात कधीच बसले नव्हते.

बोलणी चालली तब्बल १४० दिवस. पण जे ठरलं ते कागदावर आलं, छापलं गेलं. पहिली अडीच वर्षं फियाना फॉलचे मिहॉल मार्टिन पंतप्रधान आणि वराडकर उपपंतप्रधान, डिसेंबर २०२२ मध्ये अदलाबदल. मग तो कागद तिन्ही पक्षांपुढे मतदानाला गेला. त्यांनी हो म्हटल्यावरच २७ जूनला सरकार आलं.

मंत्री किती घ्यायचे, हा घोळही तिथे नाही. कमीत कमी ७, जास्तीत जास्त १५, हे राज्यघटनेतच लिहिलंय. आपल्याकडे कमाल मर्यादा आमदारसंख्येच्या १५ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात ४३. आणि २०२२ मध्ये तर ३० जूनपासून ९ ऑगस्टपर्यंत दोघांचंच मंत्रिमंडळ होतं!

पुढे काय झालं? १७ डिसेंबर २०२२ ला मार्टिन खुर्चीवरून उठले आणि वराडकर बसले. ठरलेल्या तारखेपेक्षा उशीर फक्त दोन दिवसांचा. अर्थखातंसुद्धा बदललं. फिने गेलच्या पास्कल डोनोहो यांच्याकडून ते फियाना फॉलच्या मायकल मॅकग्रा यांच्याकडे गेलं.

तिथे रामराज्य आहे असं मी म्हणत नाही. घरांच्या टंचाईनं तिथली तरुण मंडळी बेजार आहेत. वराडकरांनीही मुदत संपायच्या आत, मार्च २०२४ मध्ये पद सोडत असल्याचं जाहीर केलं. पण खुर्ची कराराप्रमाणे त्यांच्या पक्षाकडेच राहिली. एप्रिलमध्ये सायमन हॅरिस पंतप्रधान झाले.

तो करार काही कायदा नव्हता, मोडला असता तर कोर्ट आड आलं नसतं. तो टिकला, कारण तो सगळ्या देशानं वाचला होता. 'असं ठरलंच नव्हतं' म्हणायची सोय कुणालाच उरली नव्हती.

आपल्याकडे महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत युत्या-आघाड्या होतच राहणार. पुढच्या वेळी माणिकपूरच्या चौकात कुणी नेता हात वर करून 'आमचं ठरलंय' म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा : साहेब, कागद कुठाय?