भंडारा जिल्ह्यातील वेठ, सालदारी आणि गुलामगिरीचे कायदे

भंडारा जिल्ह्याच्या इतिहासात माणूस बांधून ठेवण्याचे दोन प्रकार दिसतात. एकात माणूस हीच मालमत्ता असे. दुसऱ्यात तो नावाला मोकळा असे, पण जमीन किंवा कर्ज मालकाच्या हाती असल्यामुळे त्याचे श्रमही मालकाचेच होत. पहिला प्रकार कायद्याने एकोणिसाव्या शतकातच मोडला. दुसऱ्याला 1975-76 साल उजाडावे लागले.

मराठी राज्यांत कुणबिणी आणि बटकी होत्या. दुष्काळात विकल्या गेलेल्या, लढाईत पकडलेल्या किंवा व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या या बायका किल्ल्यांवर, कोठारांत, पागांत आणि सरदारांच्या वाड्यांत राबत. त्यांची खरेदी-विक्री होई, पिढ्यान्‌पिढ्या चाकरी चाले. मात्र ही गुलामगिरी मुख्यतः घरकामाची आणि कारखान्यांची. वेस्ट इंडीजमध्ये उसाच्या मळ्यांवर लाखो आफ्रिकी माणसे जुंपलेली होती, तसे मळे वैनगंगेच्या खोऱ्यात नव्हते. इथले पीक धान आणि ते पिकवणारे गावचेच कुळ.

ब्रिटिश संसदेचा गुलामगिरी संपवणारा कायदा 1 ऑगस्ट 1834 पासून वेस्ट इंडीजमध्ये लागू झाला. त्यापोटी दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली, ती मालकांना. गुलामांना दमडीही नाही. उलट ‘उमेदवारी’ म्हणून 1838 पर्यंत त्यांना जुन्याच मालकाकडे राबावे लागले. ती संपण्याच्या सुमारास मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. 1838 मध्ये ब्रिटिश गियानात उतरलेल्या पहिल्या तांड्यात छोटा नागपूरचे डोंगरी लोक होते.

कंपनी सरकारच्या हिंदुस्थानी मुलखाला मात्र 1833 चा हा कायदा लागू नव्हता. तिथे 1843 चा पाचवा कायदा आला. कोणी कोणाचा गुलाम आहे हा दावा कोर्ट मानणार नाही आणि सरकारी अधिकारी माणसाचा लिलाव करणार नाही, मुख्यतः एवढेच त्याने ठरवले. गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरला नाही. भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, म्हणून हा पातळ कायदाही तिथवर पोचला नाही. तिसरे रघुजी डिसेंबर 1853 मध्ये वारसाशिवाय वारले आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. 1 जानेवारी 1862 पासून भारतीय दंडसंहिता अमलात आली, तेव्हा माणसाची खरेदी-विक्री शिक्षेस पात्र झाली. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले, पण त्यांचा रोख आपल्याकडच्या दास्यावर होता.

नेमक्या याच काळात सरकारने भंडाऱ्यात दुसऱ्या प्रकाराला बळ दिले. 1860 च्या दशकातल्या जमाबंदीत गावोगावच्या पाटलांना आणि मक्तेदारांना गावाची मालकी मिळाली आणि ते मालगुजार झाले. सारा गोळा करून ठरलेला हिस्सा सरकारात भरायचा, उरलेला आपला. गावातली पडीक जमीन, झाडझाडोरा आणि तलाव त्यांचे झाले. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर ज्या जिल्ह्याचे धान अवलंबून, तिथे तलावाचे पाणी हातात असणे म्हणजे गाव हातात असणे.

खंडाखेरीज कुळाकडून बेगार घेतली जाई. नांगरणीला, रोवणीला, कापणीला मालगुजाराच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, फुकट जायचे. त्याच्या घराची शाकारणी करायची, गाडी जुंपून धान पोचवायचे. साहेबाचा दौरा आला की त्याचे सामान वाहणे आणि रसद पुरवणे हेही गावाच्याच माथी. रोवणीची बेगार सर्वांत महाग पडे. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, महिनाभराचे झाले की उपटून बांधीत लागले पाहिजेत, नाहीतर फुटवे कमी येतात. पाऊस पडून चिखल जमला की सगळ्यांची घाई एकाच वेळी. तेव्हा आधी मालगुजाराची रोवणी व्हायची आणि कुळाचे पऱ्हे तोवर म्हातारे होत. हिशेबात एक दिवस गेला, पण पीक किती गेले ते कुठल्याच वहीत चढत नसे.

ज्याला जमीन नाही तो सालदार, म्हणजे सालाच्या करारावरचा गडी, होई. महार, गोंड, गोवारी, ढिवर या समाजांतली माणसे त्यात बहुसंख्य. वर्षाचे धान ठरे, वर घोंगडी-जोडे. पोळ्याला मालकाचे बैल दारोदार फिरवून बोजारा मिळे. एक वर्षाचा करार म्हणून सालदारीत गैर काही नव्हते आणि सगळे सालदार बांधलेले होते असे म्हणणे चूक ठरेल. फास आगाऊ उचलीत होता. लग्नासाठी पैसे घेतले, पावसाळ्यात खायला धान घेतले की ते दिढीने फेडायचे: दोन कुडव (धानाचे माप) नेले तर तीन. मजुरीच धानात, म्हणून फेड मजुरीतूनच कापली जाई आणि साल संपताना बाकी उरे. बाकी असेपर्यंत दुसऱ्याच्या दारी कामाला जाता येत नसे. बाप थकला की पोरगा गुरे राखायला त्याच दारी लागे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी ही बाकी आणखी वाढवली. मध्य प्रांतातून, विशेषतः छत्तीसगडातून, लोक आसामच्या चहामळ्यांवर गेले ते याच वर्षांत.

राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने 26 जानेवारी 1950 पासून बेगारीला नाव घेऊन मनाई केली. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. बेगारीचा आधार गेला, पण घरखेताची जमीन मालगुजारांकडेच राहिली आणि उचलीचा व्यवहारही.

त्यावर घाव घातला 24 ऑक्टोबर 1975 च्या वटहुकमाने आणि 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने. वेठबिगाराचे कर्ज रद्द झाले, कर्जापोटी घेतलेली मालमत्ता परत करणे बंधनकारक झाले आणि अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे व दक्षता समित्यांकडे आली. कायद्यात हाली, कामिया, बारमासिया अशी वेठीची प्रांतोप्रांतीची नावे दिली आहेत. सालदार त्यांत नाही, पण उचल वेठीची असल्याचा दावा झाला की ती तशी नाही हे मालकालाच सिद्ध करावे लागते. व्यवहारात सालदारांना उपयोगी पडली ती बहुधा रोजगार हमी: महाराष्ट्रात 26 जानेवारी 1979 पासून ती कायद्याने मिळू लागली आणि उन्हाळ्यात पोटासाठी उचल घेण्याला पर्याय निघाला.